दुर्मीळ आजारांची नोंदवही कोणी ठेवायची?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे 'राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१' शिक्षकांनी एकदा वाचावे. भाषा सरकारी आहे, पण त्यात एक प्रामाणिक कबुली आहे. दुर्मीळ आजाराची आकड्यांत व्याख्या आपण करू शकत नाही, कारण देशात रुग्ण किती आहेत याची पुरेशी माहितीच नाही. अमेरिकेत दोन लाखांहून कमी रुग्ण असले की आजार दुर्मीळ ठरतो, युरोपात ही मर्यादा दहा हजारांत पाच आहे. आपण व्याख्येऐवजी आजारांचे तीन गट पाडून यादी केली. जगात असे सात-आठ हजार आजार मानले जातात. धोरणाच्या मजकुरानुसार भारतातल्या मोठ्या रुग्णालयांतून तोवर नोंदले गेले होते सुमारे ४५०. बाकीचे आपल्याकडे नाहीतच, की आहेत पण कोणी लिहून ठेवले नाहीत?

थोडा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांच्या घरात होती. लाखात एकाला असणारा आजार धरला, तर करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत मिळून रुग्ण ४३. एखाद्या डॉक्टरला सबंध कारकिर्दीत त्यांतला एखादाच भेटणार. एका रुग्णावरून आजार कसा वाढत जातो हे कळत नाही आणि औषधाची चाचणीही घेता येत नाही. म्हणून अनेक गावांच्या, अनेक रुग्णालयांच्या नोंदी एका वहीत, एकाच पद्धतीने लिहाव्या लागतात.

सोलापुरात ही अडचण चांगलीच जाणवेल. धोरणाने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक मुंबईचे केईएम रुग्णालय. दुसरे हैदराबादेत, निजाम्स इन्स्टिट्यूट आणि डीएनए फिंगरप्रिंटिंग केंद्र मिळून. सोलापूर या दोन शहरांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावरच आहे आणि इथल्या अनेक घरांचे नातेवाईक तेलंगणात किंवा कर्नाटकात आहेत. समजा, एका मुलाला गोशे हा आजार आहे. एका विकराच्या अभावी मेदयुक्त पदार्थ प्लीहेत आणि यकृतात साठत जातो. गावच्या आरोग्य केंद्रात लिहिले जाते 'रक्तक्षय', शहरात 'प्लीहावृद्धी', आणि मोठ्या केंद्रात विकराची तपासणी झाल्यावर 'गोशे'. मूल एक, नोंदी तीन. त्यात आयसीडी-१० या रोगवर्गीकरणात बहुतेक दुर्मीळ आजारांना स्वतंत्र क्रमांकच नाही. हे काम १९९७ साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या 'ऑर्फानेट'ने हाती घेतले.

आणखी एक गोष्ट. आपल्या भागात मामा-भाचीचे, आते-मामे भावंडांचे विवाह अनेक समाजांत होत आले आहेत. समान पूर्वजाकडून आलेले अप्रभावी सदोष जनुक अशा वेळी आई-वडील दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. आता घराण्याची एक शाखा मुंबईच्या कागदावर आणि दुसरी हैदराबादच्या कागदावर राहिली, तर संशोधनाला सर्वांत उपयोगी पडणारी माहिती, म्हणजे नाते, हरवते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, हे योग्यच झाले. पैशाचीही तरतूद झाली. २०२१ साली पहिल्या गटातल्या रुग्णांना २० लाखांपर्यंत मदत ठरली, मे २०२२ मध्ये ती सर्व गटांसाठी ५० लाखांपर्यंत वाढली. केंद्रांना यंत्रसामग्री आणि सोयींसाठी एकदाच ५ कोटींपर्यंत अनुदान. माझा आक्षेप त्या 'एकदाच' या शब्दाला आहे. यंत्र एकदा घेता येते, नोंदवही रोज लिहावी लागते. मूल दहा वर्षांनी कसे आहे हे विचारणाऱ्या, दुबार नोंदी शोधून काढणाऱ्या माणसाचा पगार कोण आणि किती वर्षे देणार, याचे ठळक उत्तर मला धोरणात सापडले नाही. (प्रस्ताव लिहिणाऱ्या कोणालाही विचारा, कात्री पहिल्यांदा कोणत्या रकान्यावर चालते ते.)

अमेरिकेतल्या दुर्मीळ आजारांच्या संशोधन-जाळ्यात माहिती जुळवण्यासाठी वेगळे समन्वय केंद्र असते आणि त्याचे अनुदान संस्थांनी स्पर्धेतून मिळवायचे असते. अनेक वर्षे साउथ फ्लोरिडा विद्यापीठ हे काम पाहत होते, २०१९ साली ते सिनसिनाटीच्या बालरुग्णालयाकडे गेले. स्पर्धेमुळे नोंद कोणत्या नमुन्यात होईल, ती कोण तपासेल, गुप्तता कशी राखली जाईल, हे आधी लिहून द्यावे लागते. तेवढे आपण जरूर घ्यावे. पण काम हात बदलते तेव्हा वर्षानुवर्षांची माहिती हलवावी लागते, आणि ती अर्धवट हलली तर नुकसान रुग्णांचे. आपल्याकडे शोधनिबंधाला गुण मिळतात, नोंदवहीला मिळत नाहीत. त्यामुळे प्रत्येक केंद्र आपली माहिती निबंधांच्या बेगमीसाठी राखून ठेवील, ही भीती खरी आहे. स्पर्धा घ्या, पण वही जिंकणाऱ्याच्या मालकीची होणार नाही, ही अट पहिल्याच पानावर हवी.

अशा स्पर्धेत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने का उतरू नये? २००४ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आणि शेजारचे, १९६३ पासूनचे डॉ. वैशंपायन शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकत्र आले तर संख्याशास्त्र, संगणक आणि वैद्यक तिन्ही बाजू सांभाळता येतील. महागडी यंत्रे या कामाला फारशी लागत नाहीत. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी माणसे मात्र लागतात, आणि ती इथे आहेत. गुप्ततेचे भान हवे. 'करमाळा तालुका, वय ७, अमुक आजार' एवढे छापले की नाव छापायची गरज उरत नाही. बाहेर जाणाऱ्या प्रतीत तालुका झाकावाच लागेल.

शिक्षक मित्रहो, पहिली-दुसरीतला एखादा मुलगा वारंवार पडतो, जिना चढताना कठडा धरतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच गुडघ्या-मांड्यांवर हात रोवून उभा राहतो. हे डुशेन स्नायुविकाराचे लक्षण असू शकते आणि ते डॉक्टरांआधी तुम्हाला दिसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा त्याला आवर्जून दाखवा. पुढे निदान झालेच, तर पालकांना रुग्णालयात एवढे विचारायला सांगा : आमच्या मुलाची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत गेली का?