वैमानिकाचा तराजू : येट्स व हिलरी यांच्या लेखनातील मरणाचा हिशेब

लढाऊ वैमानिक होण्यापूर्वी माणूस त्या व्यवसायातील धोका कसा तोलून पाहतो, या प्रश्नाचे उत्तर भरतीच्या कचेरीतील कागदपत्रांत क्वचितच मिळते. ते मिळते, अथवा मिळाल्यासारखे वाटते, ते काव्यात आणि आत्मवृत्तात. परंतु तेथे एक मूलभूत अडचण आहे. निर्णयाच्या क्षणी मनात चाललेले तोलन त्याच क्षणी कोणी लिहून ठेवीत नाही. ते मागाहून लिहिले जाते. जगलेला वैमानिक लिहावयास बसतो तेव्हा निकाल त्याला ठाऊक झालेला असतो. आणि मेलेल्याच्या वतीने दुसराच कोणी लिहू लागतो तेव्हा तर निकालापासूनच लेखनाला आरंभ होतो. या साहित्यात वारंवार भेटणारी तराजूची प्रतिमा पारखून घ्यावयाची ती याचसाठी.

या तोलनाचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे डब्ल्यू. बी. येट्सची 'ॲन आयरिश एअरमन फोरसीज हिज डेथ' ही सोळा ओळींची कविता. १९१८ मध्ये लिहिलेली ही कविता १९१९ च्या 'द वाइल्ड स्वान्स ॲट कूल' या संग्रहात समाविष्ट झाली. कवितेचा वक्ता आपल्या मरणाविषयी निःशंक आहे. शत्रूचा द्वेष, स्वकीयांचे प्रेम, कायदा, कर्तव्य, पुढाऱ्यांची वक्तृत्वे, जमावाचा जयघोष ही युद्धावर जाण्याची सारी प्रतिष्ठित कारणे तो एकामागून एक बाजूला सारतो. उरते ती एका एकाकी आनंदाची ओढ. अखेरच्या चार ओळींत तो गतायुष्य आणि भावी आयुष्य परस्परांसमोर मांडतो, दोहोंनाही सारखेच निरर्थक ठरवितो आणि शब्दांचा क्रम उलटा करून पुन्हा तेच म्हणतो. ओळींची रचनाच येथे तराजूच्या दांडीसारखी झाली आहे. यमके ठरल्या जागी पडतात, वृत्त कोठेही ढळत नाही, आणि वाचकाची अशी खात्री पटते की या माणसाने सर्व काही तोलून पाहिले आहे.

ही खात्री कशाच्या बळावर पटते, हे मात्र पाहावयास हवे. काटा मध्यावर आहे हे खरे; परंतु दोन्ही पारडी रिकामी असली तरीही काटा मध्यावरच राहतो. वक्त्याने मागील वर्षांत काय होते आणि पुढील वर्षांत काय असू शकले असते, यांपैकी एकही वस्तू पारड्यात घातलेली नाही. दोन्हींची किंमत शून्य आहे हे त्याने आधीच ठरविले आणि मग शून्याशी शून्य तोलले. रसचर्चेच्या भाषेत बोलावयाचे तर वीराचा स्थायी जो उत्साह, त्याला येथे प्रतिस्पर्धी हे आलंबनच उरलेले नाही. त्याच्या जागी उभा आहे तो निर्वेद. विश्वनाथाने वीराचे विरोधी रस म्हणून भयानक आणि शांत यांची गणना केली आहे. येट्सने भयानकाला कवितेत पाऊल टाकू दिले नाही. शांताला मात्र त्याने वीराच्या सेवेस लावले. कवितेचे अपूर्व सौंदर्य या संकरात आहे, आणि तिचा फसवेपणाही तेथेच आहे.

कारण ज्याच्या तोंडी हे उद्गार घातले आहेत तो मेजर रॉबर्ट ग्रेगरी हा कल्पित पुरुष नव्हे. येट्सची आश्रयदात्री व सहकारी लेडी ग्रेगरी हिचा तो एकुलता एक मुलगा. जन्म १८८१ चा. कविता वाचणारा विद्यार्थी बहुधा विशी-बाविशीचा तरुण डोळ्यांपुढे आणतो. वस्तुतः ग्रेगरी सैन्यात गेला १९१५ मध्ये, म्हणजे वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आणि पुढील वर्षी रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला. तो चित्रकार होता, विवाहित होता, तीन मुलांचा बाप होता. २३ जानेवारी १९१८ रोजी इटलीत त्याचे विमान कोसळले; त्या अपघाताचे कारण पुढे वादग्रस्तच राहिले. पत्नी आणि तीन मुले यांना कवितेत जागा नाही. त्यांच्याऐवजी पारड्याजवळ उभे केले आहेत ते किल्टार्टनचे गोरगरीब. आणि तेही युद्धाचा कसलाही निकाल लागला तरी त्यांचे काही बनणार वा बिघडणार नाही, एवढे सांगण्यापुरतेच. एकाकी आनंदाच्या बाबतीत मात्र येट्सने सर्वस्वी कल्पनेचा आश्रय घेतला, असे म्हणता येणार नाही. १९१७ मध्ये आघाडीला भेट देऊन आलेल्या बर्नार्ड शॉने लेडी ग्रेगरीला पत्राने कळविले होते की मागील सहा महिने हे आपल्या आयुष्यातील सर्वांत सुखाचे होते, असे रॉबर्टने त्याला सांगितले. म्हणजे एक वजन खरे होते. उरलेली काढून घेतली गेली.

ती काढून घेण्याचा परिणाम खुद्द येट्सलाच भोगावा लागला, आणि याच ठिकाणी हा प्रश्न केवळ काव्यसौंदर्याचा राहत नाही. १९२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या 'ब्लॅक अँड टॅन्स' या दलाने त्याच परिसरात अत्याचार आरंभिले तेव्हा येट्सने 'रिप्रायझल्स' ही दुसरी कविता लिहिली. तीत तो ग्रेगरीच्या मृतात्म्यालाच हाक घालतो: ज्या राज्यासाठी तू लढलास त्याचेच शिपाई तुझ्या कुळांना ठार मारीत आहेत, तेव्हा परत येऊन पाहा, आणि मग फसविल्या गेलेल्या इतर मृतांत जाऊन पड. लेडी ग्रेगरीला ही कविता रुचली नाही. तिच्या विरोधामुळे ती मागे ठेवली गेली आणि कवीच्या मृत्यूनंतर १९४८ मध्ये छापली गेली. युद्धाच्या निकालाचा किल्टार्टनच्या गरिबांशी काही संबंध नाही, हे पहिल्या कवितेतील विधान दोन वर्षांतच असत्य ठरले, अशी ही कवीच्याच हातची कबुली होय. पाठ्यपुस्तकांतून पहिली कविता एकटी छापली जाते, त्यामुळे विद्यार्थ्याला तराजू दिसतो; तो पुढे हलला होता हे दिसत नाही. काव्य म्हणून 'रिप्रायझल्स' उणी आहे यात शंका नाही. तथापि पहिलीच्या शेजारी ती वाचल्यावाचून पहिलीचा अर्थ पुरता लागतो असे मानणे कठीण आहे.

आणखी एक गोष्ट. 'विमान' हा शब्दसुद्धा येट्सच्या ओळींत नाही. आहेत ते ढग. धोक्याचे जे मोजता येण्यासारखे अंग होते ते त्यामुळे समूळ गळाले. पहिल्या महायुद्धातील वैमानिकाच्या मरणाचा मोठा वाटा शत्रूच्या गोळीचा नव्हता. शिकताना, उतरताना, इंजिन बंद पडून किंवा विमान गिरकीत सापडून मेलेल्यांची संख्या फार मोठी होती. सॉपविथ कॅमलसारख्या विमानाचे फिरते इंजिन नवशिक्याला वळणावर दगा देई. बलूनमधून टेहळणी करणाऱ्यांना हवाई छत्री मिळे, परंतु ब्रिटिश विमानातील वैमानिकाला ती युद्ध संपेपर्यंत देण्यात आली नाही. यांतील सारेच अटळ नव्हते. १९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी याने गॉस्पोर्ट येथे दुहेरी नियंत्रणाच्या विमानातून, शिक्षक व शिष्य यांच्यामध्ये बोलण्याची नळी बसवून, विमान मुद्दाम गिरकीत घालावयाचे आणि त्यातून बाहेर काढावयाचे शिक्षण सुरू केले. भीतीचा जो विषय टाळावयास सांगितला जाई तोच अभ्यासाचा विषय झाला. दैव म्हणून जे स्वीकारले जात होते त्याचा काही भाग अज्ञान होता, हे त्यावरून सिद्ध झाले. येट्सचा वक्ता ज्या नियतीला सामोरा जातो तिच्यात नियती किती आणि अपुरे शिक्षण किती, हा प्रश्न कवितेच्या भव्य लयीत ऐकूच येत नाही.

दुसऱ्या महायुद्धातील रिचर्ड हिलरीच्या 'द लास्ट एनिमी' (१९४२) या आत्मवृत्ताचे महत्त्व येथे लक्षात येते. हिलरी १९१९ मध्ये सिडनीत जन्मला, ऑक्सफर्डला शिकला आणि विद्यापीठाच्या हवाई पथकातून लढाऊ वैमानिक झाला. ऑक्सफर्डमधील एका युद्धविरोधी मित्राशी झालेल्या वादात त्याने आपला हिशेब मांडला आहे, आणि तो विलक्षण स्वच्छ आहे. लढाऊ विमानात युद्ध पुन्हा दोन व्यक्तींमधील द्वंद्व होते; त्यात द्वेष नाही, उत्कट अनुभव आहे; आणि अपंग होण्याचे भय नाही, कारण माणूस एक तर मरतो किंवा पदके मिरवीत परत येतो. येट्सच्या वक्त्याप्रमाणेच हिलरीही कर्तव्याची भाषा नाकारतो. फरक एवढाच की त्याने आपली वजने उघडपणे पारड्यात ठेवली, त्यामुळे त्यांतील खोट तपासता येते.

ती खोट ३ सप्टेंबर १९४० रोजी उघडी पडली. हिलरीचे स्पिटफायर पेटले. या विमानात इंधनाची टाकी वैमानिकाच्या पुढ्यातच असे. शिवाय त्याच्या हातांत मोजे नव्हते. समुद्रातून मार्गेटच्या जीवरक्षक नौकेने त्याला उचलले तेव्हा चेहरा आणि हात भाजून निघाले होते. ईस्ट ग्रिन्स्टेड येथे शल्यचिकित्सक आर्चिबाल्ड मॅकिंडोने त्याला नव्या पापण्या करून दिल्या. मॅकिंडोच्या रुग्णांनी १९४१ मध्ये 'गिनी पिग क्लब' नावाची संस्था काढली. युद्धाच्या अखेरीस तिचे ६४९ सभासद होते. मरण आणि यश या दोनच शक्यता धरून केलेल्या हिशेबात ज्यांना स्थान नव्हते, ती ही माणसे. तराजूला दोनच पारडी असतात. धोक्याला तशी मर्यादा नाही.

पुस्तकाच्या शेवटी हिलरीला होणारे मानवतेचे दर्शन, बॉम्बहल्ल्यात गाडल्या गेलेल्या स्त्रीचा तो प्रसंग, काही टीकाकारांना रचलेला वाटतो, आणि ते अगदीच चूक नाहीत. पुस्तकाची खरी शक्ती तेथे नसून रुग्णालयाच्या प्रकरणांत आहे. लेखक तेथे स्वतःच्या जुन्या वाक्यांचे समर्थन करीत नाही, ती पुसूनही टाकीत नाही. सेसिल लुइसचे 'सॅजिटेरियस रायझिंग' (१९३६) हे पहिल्या युद्धाचे आत्मवृत्त गद्य म्हणून अधिक सुंदर आहे. परंतु वीस वर्षांच्या अंतरावरून लिहिताना लुइसच्या शाळकरी वयातील निर्णयावर जी मृदू प्रभा पसरली आहे, तिला हिलरीच्या पानांत वाव नाही.

या चर्चेत हिंदी वैमानिकांचा विचार सहसा होत नाही. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय, हरदित सिंग मलिक, एरॉल चंदर सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर हे रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये अधिकारी म्हणून गेले. ब्रिटिश सैन्यात हिंदी तरुणाला अधिकारपद मिळणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. मलिक यांना आधी फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवावी लागली. त्यांच्या पारड्यात समान प्रतिष्ठेचे एक वजन होते, आणि त्याला येट्सच्या किंवा हिलरीच्या हिशेबात समांतर असे काही नाही. वेलिंगकर जून १९१८ मध्ये जखमी होऊन मरण पावले. रॉय यांची हकीगत तर तोलनाच्या प्रश्नालाच नवे वळण देते. डिसेंबर १९१७ मधील अपघातानंतर त्यांना उड्डाणास अपात्र ठरविण्यात आले होते. प्रयत्न करून ते परतले, जुलै १९१८ मध्ये अवघ्या काही दिवसांत त्यांनी दहा विजय मिळविले, आणि २२ जुलैला ते पडले. पहिला निर्णय अज्ञानाने घेतला असे म्हणता येते. दुसऱ्याविषयी तसे म्हणता येत नाही.

हिलरीचेही तेच झाले. सुरी-काटा नीट धरता येऊ नये अशी हातांची अवस्था असताना त्याने पुन्हा उड्डाणाची परवानगी मिळविली. ८ जानेवारी १९४३ च्या रात्री स्कॉटलंडमधील चार्टरहॉल येथे प्रशिक्षणाच्या उड्डाणात तो व त्याचा सहकारी मरण पावले. या दुसऱ्या तोलनाचा लेखी हिशेब 'द लास्ट एनिमी'त नाही. पुस्तक त्याआधीच प्रसिद्ध झाले होते. आर्थर कोस्लरने त्याच वर्षी 'होरायझन' मासिकात लिहिलेल्या निबंधात हिलरीच्या पत्रांवरून ही कारणे जुळविण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक कारण त्याने हाती घेऊन पाहिले आणि एकावरही तो स्थिर झाला नाही.