टोकियोचे राष्ट्रीय स्टेडियम : पाडलेली वास्तू आणि निवडक स्मृती

प्रस्तावना :

२०१५ साली पाडण्यात आलेल्या टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमचा इतिहास बहुधा १० ऑक्टोबर १९६४ या एकाच दिवसाभोवती सांगितला जातो. त्या दिवशी ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला त्याच दिवशी, त्याच प्रांतात जन्मलेल्या योशिनोरी साकाई या तरुणाने ज्योत प्रज्वलित केली. राखेतून उभ्या राहिलेल्या जपानचे हे चित्र प्रभावी आहे. मात्र इतिहास म्हणून ते अपुरे ठरते.

जागेचा पूर्वेतिहास :

याच जागेवर १९२४ मध्ये मेइजी मंदिराच्या बाह्य उद्यानातील क्रीडांगण सुरू झाले होते. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी भर पावसात, पंतप्रधान तोजो यांच्यासमोर, सैन्यात दाखल होणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांचे संचलन तेथे झाले. सैन्यभरतीतील सवलत प्रामुख्याने मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यांची काढून घेण्यात आली होती; विज्ञानशाखेची बव्हंशी कायम होती. राज्यसत्तेने कोणते ज्ञान अनावश्यक मानले, हे त्यातून उघड होते. पुढे ते क्रीडांगण पाडून १९५८ च्या आशियाई स्पर्धांसाठी राष्ट्रीय स्टेडियम उभारण्यात आले. त्या स्पर्धांत मिल्खा सिंग यांनी २०० व ४०० मीटर शर्यतींची सुवर्णपदके जिंकली. त्या विद्यार्थ्यांचे स्मारक मात्र तेथे उभे राहण्यास १९९३ साल उजाडावे लागले.

चित्रपटातील साक्ष :

कोन इचिकावा यांचा 'टोकियो ऑलिम्पियाड' (१९६५) हा माहितीपट या वास्तूचा महत्त्वाचा दृश्य दस्तऐवज होय. उगवत्या सूर्यापाठोपाठ जुन्या इमारतीवर आदळणारा लोखंडी गोळा दाखवून दिग्दर्शक उत्सवाची किंमत सूचित करतो. विजयाच्या नोंदींपेक्षा थकलेल्या देहांकडे त्याचे लक्ष अधिक आहे. ऑलिम्पिकची जबाबदारी असलेले मंत्री इचिरो कोनो यांची नाराजी या दृष्टीमुळेच ओढवली असावी. मॅरेथॉनमध्ये कोकिची त्सुबुराया दुसऱ्या क्रमांकावर स्टेडियममध्ये शिरला आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तिसरा ठरला. १९६८ साली त्याने आत्महत्या केली. अभिमानाच्या कथेत अशा मनुष्याला स्थान देण्याचे धैर्य चित्रपटात आहे. तथापि १९४३ चे संचलन त्याच्या कक्षेबाहेरच राहते.

पाडकामाचा अर्थ :

नव्या स्टेडियमसाठी २०१२ मध्ये झाहा हदीद यांचा आराखडा निवडण्यात आला. खर्चाचा अंदाज सुमारे २५२ अब्ज येनपर्यंत गेल्यावर जुलै २०१५ मध्ये तो रद्द झाला. तोपर्यंत जुनी वास्तू जमीनदोस्त झाली होती. केंगो कुमा यांच्या आराखड्यानुसार नवे स्टेडियम २०१९ मध्ये पूर्ण झाले. वाद मुख्यतः खर्च आणि आकार यांवर रंगला. शेजारच्या कासुमिगाओका सार्वजनिक वसाहतीतील रहिवाशांना घरे सोडावी लागली, हा प्रश्न मागे पडला. त्यांच्यातील काहींनी १९६४ च्या तयारीतही घर गमावले होते.

समारोप :

२३ जुलै २०२१ रोजी, महामारीमुळे, नव्या स्टेडियममध्ये ऑलिम्पिकचे उद्घाटन सर्वसामान्य प्रेक्षकांविना झाले. जुन्या स्टेडियमविषयीची हळहळ स्वाभाविक आहे. परंतु ती केवळ १९६४ पुरती असेल, तर भिंती पाडण्यापूर्वी जे विसरले गेले होते, त्याला तीही हातभारच लावते. अशा वास्तूचा इतिहास लिहिताना तेथे कोण जिंकले, याबरोबरच तेथून कोणाला पाठविले गेले आणि कोणाला हटविले गेले, हेही नोंदविणे इतिहासलेखकाचे कर्तव्य ठरते.