एस्तेरचा नकार

पुरिमला, आपल्या जुन्या माणसांच्या होळीच्या सणाला, मेगिल्ला वाचली जाते. पण हामानचे नाव आले की पाय आपटण्याच्या नादात चौथा अध्याय निसटतो. तिथे एस्तेर आधी कच खाते : 30 दिवस राजाचे बोलावणे नाही, आणि न बोलावता जाणाऱ्याला मरण. नातवंडांना गोष्ट सांगताना आम्ही हे गाळत आलो, राणी भित्री दिसेल म्हणून. चूक आमचीच. पुढे ती शूशनच्या यहुद्यांना 3 दिवस अन्नपाणी सोडायला सांगते, दासींसह स्वतःही सोडते, मगच जायचे ठरवते. तोवर मर्दखय सांगे आणि ती ऐके; अध्याय संपताना मर्दखय तिचे ऐकतो.