गृहपाठाचे उत्तर आणि शेततळ्याचे पाणी

धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेत दहावीच्या गणिताच्या वह्या आम्ही चाळल्या. शंकुछेदाच्या आकाराच्या बादलीत किती पाणी मावेल, हा गृहपाठ होता. जवळजवळ सगळ्या वह्यांत पायऱ्या सारख्या, शब्द गाइडचे, खाडाखोड कुठेच नाही. प्रत्येक पानावर बरोबरची लाल खूण मात्र होती.

मग आम्ही फळ्यावर दुसरे गणित लिहिले. शेततळे वरून ३० मीटर लांब व तेवढेच रुंद, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार एकास एक. पाणी किती मावेल? ‘मागेल त्याला शेततळे’ या २०१६ च्या योजनेपासून हे माप गावोगावी ओळखीचे आहे. पुष्कळांनी ३० × ३० × ३ असा गुणाकार करून २७०० घनमीटर सांगितले. उतारामुळे तळ २४ × २४ मीटरच उरतो, हे ज्यांच्या लक्षात आले तेही अडले: “सूत्र गोलाचे आहे, हे तर चौरस!”

पण शंकुछेद म्हणजे मोठ्या शंकूतून लहान शंकू वजा, एवढे ठाऊक असले तर अडायचे कारण नाही. इथे ३ मीटर खोलीत बाजू ६ मीटरने घटते. म्हणजे १५ मीटरवर ती शून्य होईल. या उलट्या पिरॅमिडचे घनफळ ९०० × १५ ÷ ३ = ४५००. तळाखालच्या काल्पनिक टोकाचे ५७६ × १२ ÷ ३ = २३०४. वजाबाकी २१९६ घनमीटर. २७०० धरले, तर ५,०४,००० लिटर पाणी नुसते कागदावरचे!

गाइडातले उत्तर चूक असते, अशी आमची तक्रार नाही. सूत्र निवडल्यानंतरचे सारे त्यात असते. ते का निवडले, हे नसते. आणि गणित शिकायचे ते तिथेच. दोष एकट्या मुलांचाही नाही. एका रात्रीत वीस उदाहरणे मागितली आणि फक्त शेवटचे उत्तर तपासले, तर गाइड उघडले जाणारच. त्यापेक्षा दोनच द्यावीत आणि खाडाखोडीसकट वाचावीत.

जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली ‘हाउ टू सॉल्व्ह इट’ या पुस्तकात उत्तर आल्यावर मागे वळून पाहणे ही गणित सोडवण्याची शेवटची पायरी मानली. तसे पाहू. वरच्या व तळाच्या क्षेत्रफळांची सरासरी काढून ३ ने गुणले, तर २२१४ येतात. हे १८ घनमीटर जास्त कुठून आले? उद्याच्या गृहपाठाला एवढा एक प्रश्न पुरे.