लूका देल्ला रोब्बिया व मातीची प्रतिष्ठा

संगमरवर सोडून मातीकडे वळलेला शिल्पकार कलेच्या पायरीवरून खाली उतरला, अशी समजूत पुष्कळदा रसिकांतही आढळते. फ्लॉरेन्सचा शिल्पकार लूका देल्ला रोब्बिया (मृत्यू १४८२) याच्याविषयी ती होण्यास त्याचा चरित्रकार वासारी हाही थोडाफार कारण झाला. संगमरवर आणि ब्राँझ यांच्या कामात श्रम फार व प्राप्ती अल्प, हे पाहून लूकाने माती हाती घेतली, असे त्याने सोळाव्या शतकात लिहून ठेविले आहे.

हे कारण खरे मानले, तरी तेवढ्यावरून कृतीचे मोल ठरत नाही. लूकाची छिन्नी दुबळी नव्हती. १४३१ ते १४३८ या काळात फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमधील गायकांच्या सज्जासाठी त्याने संगमरवरात कोरलेली गाणारी, नाचणारी, वाद्ये वाजविणारी मुले त्याची साक्ष देतात. एवढे यश पदरी असता त्याने माती भाजली, तीवर कथील व शिसे यांच्या भस्मांचा लेप दिला आणि ती पुन्हा भट्टीत घातली. मूर्तीवर दुधासारखी शुभ्र, न विटणारी झिलई चढली.

त्याच कॅथीड्रलमध्ये एका दारावर त्याचे ‘पुनरुत्थान’ (१४४२–४५) हे अर्धवर्तुळाकार शिल्प आहे. त्यातील शुभ्र आकृती निळ्या पार्श्वभूमीवर स्पष्ट उठून दिसतात. लेपाखाली बारीक रेषा बुजतात; म्हणून लूकाने बारकाव्याचा मोह आवरला आणि मुद्रेची शांतता व आकाराचा ठसठशीतपणा साधला. अंधूक मंदिरात उंचावरील मूर्ती खालून पाहणाऱ्यास हवे असते ते हेच.

पुढे त्याचा पुतण्या आंद्रेआ याने फ्लॉरेन्समधील अनाथ अर्भकांच्या आश्रमाच्या दर्शनी भागावर दुपट्यात गुंडाळलेल्या बाळांच्या मनोहर मूर्ती बसविल्या. परंतु मागणी वाढली तशी साच्यातून निघणाऱ्या मूर्तींची संख्याही वाढली, आणि आंद्रेआचा पुत्र जोव्हान्नी याच्या कामात रंगांची गर्दी झाली. हा ऱ्हास मातीचा नव्हे, सरावलेल्या हातांचा होय.

लूकास आपल्या विद्येची किंमत पुरती ठाऊक होती. १४७१ च्या मृत्युपत्रात त्याने आंद्रेआस ही कलाच ठेविली. तिच्यावर त्याने मिळविले आहे व पुढेही मिळवील ते आपल्या इतर मालमत्तेहून अधिक, असा हिशेब करून ती मालमत्ता त्याने दुसरा पुतण्या सीमोने यास दिली. असे मृत्युपत्र करणाऱ्यास मातीची लाज वाटत होती, असे कोण म्हणेल?