रायतूरची इगर्ज आणि ‘ख्रिस्तपुराणा’चा श्रोता

‘ख्रिस्तपुराण’ म्हटले की मराठी वाचकाला पाठ्यपुस्तकातल्या मोजक्या ओव्या आठवतात. रत्नांच्या आणि फुलांच्या उपमा देऊन मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्या ओव्या. इंग्लंडात जन्मलेला एक जेझुइट पाद्री सतराव्या शतकाच्या आरंभी आपल्या भाषेविषयी असे लिहितो, याचे अप्रूप वाटणे साहजिकच आहे. मात्र या अप्रूपाच्या भरात एक साधा प्रश्न मागे पडला. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ कोणत्या जागी, कोणापुढे वाचण्यासाठी रचला गेला? आपल्या वाङ्मयेतिहासांनी फादर थॉमस स्टीफन्स यांना ‘मराठीप्रेमी परदेशी कवी’ या चौकटीत बसवले आणि ती जागा चौकटीबाहेर राहिली. ती जागा म्हणजे साष्टीतल्या खेड्यांमधली इगर्ज. गोव्यात चर्चला इगर्ज म्हणतात. ‘ख्रिस्तपुराण’ नीट वाचायचे, तर आधी एका इगर्जीचा इतिहास वाचावा लागतो.

ही इगर्ज रायतूरची. जुवारी नदीकाठच्या या गावात जुना किल्ला होता. साष्टी प्रांत १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला आणि १५६५ च्या सुमारास रायतूरला ‘हिमाची माता’ या नावाने इगर्ज उभी राहिली. साष्टीतली ही पहिली पॅरिश इगर्ज मानली जाते. जिथे कधी हिम पडले नाही, तिथे हिमाच्या मातेचे नाव आले, ते रोममधल्या एका जुन्या भक्तिपरंपरेतून.

याच वर्षांत नदीवरून उलट दिशेने वेगळी ये-जा चालू होती. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. आज महाराष्ट्रातून कुलदेवतेच्या दर्शनाला जाणारी कुटुंबे ज्या देवळांत उतरतात, ती बहुतेक या स्थलांतरानंतरची आहेत. मूळ गावे साष्टीत होती. तिथली अडीचशेहून अधिक देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली. ती पाडणारा रायतूरचा किल्लेदार दियोगु रोद्रिगिश १५७७ मध्ये वारला. त्याची कबर रायतूरच्या या इगर्जीत आहे आणि या भूमीतली देवळे त्याने पाडली, ही गोष्ट त्याच्या कबरीवरच्या शिलालेखात कर्तबगारी म्हणून कोरलेली आहे.

पुढे जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीला रुदोल्फ आक्वाव्हिवा यांच्यासह पाच जेझुइट आणि त्यांच्या सोबतची माणसे गावकऱ्यांच्या हातून मारली गेली. आधीच्या मोहिमांत गावाची देवळे जाळली-पाडली गेली होती, त्याचा संताप या घटनेमागे होता. नंतर असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावलेल्या कुंकळ्ळीच्या गावकर-प्रमुखांना पोर्तुगिजांनी ठार केले. पाचही जेझुइटांचे मृतदेह रायतूरच्या इगर्जीत पुरण्यात आले आणि १५९७ पर्यंत ते तिथेच होते. गावकर-प्रमुखांचे स्मारक व्हायला चार शतके जावी लागली. जेझुइटांचे मृतदेह परत मिळवण्याच्या कामात होते थॉमस स्टीफन्स. ते १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात आले होते आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांचा बहुतेक काळ साष्टीतच गेला.

इगर्जीजवळच्या टेकडीवर १६०६ मध्ये जेझुइटांच्या कॉलेजची पायाभरणी झाली. तिथल्या छापखान्यातून १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ बाहेर पडले. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून ते रोमन लिपीत छापले गेले. देवळे पाडणाऱ्याची कबर, कुंकळ्ळीच्या मृतांची पहिली दफनभूमी आणि मराठीतल्या पहिल्या मोठ्या छापील काव्याचा छापखाना, ही तिन्ही एकाच गावात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. यातली तिसरी गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पहिल्या दोन सांगितल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही, असे माझे म्हणणे आहे.

याचा पुरावा काव्यातच आहे. ज्या पहिल्या अवस्वरात मराठीची थोरवी आहे, त्यातच एक प्रसंग येतो. धर्मशिक्षण चालू असताना एक भाविक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला आम्हाला काही देणार की नाही? पाठ्यपुस्तकांनी उपमा उचलल्या आणि हा प्रश्न मागे ठेवला. खरे तर सगळा ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न विचारणाऱ्याच्या गावातले देऊळ गेले होते, पोथी गेली होती आणि पोथी ऐकायची सवय तेवढी उरली होती. ती सवय इतकी पक्की होती की नव्या धर्माच्या पाद्रीलाही तिच्यापुढे नमते घ्यावे लागले. ‘पैलें पुराण’ आणि ‘दुसरें पुराण’ असे दोन भाग, ओवीचा छंद, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द, श्रोत्यांच्या शंका आणि त्यांचे निरसन हे सारे त्या सवयीतून आले. स्टीफन्स यांची प्रतिभा मोठी खरीच. पण ‘पुराण’ या प्रकाराची मागणी श्रोत्याची होती, हे ग्रंथ स्वतःच कबूल करतो.

म्हणून या ग्रंथाकडे पाहण्याच्या दोन रूढ दृष्टी मला अपुऱ्या वाटतात. एक म्हणते, हा भाषाप्रेमाचा आविष्कार. तिला कबरीवरचा लेख दिसत नाही. दुसरी म्हणते, हे केवळ धर्मांतराचे साधन. तिला प्रश्न विचारणारा माणूस दिसत नाही. सत्तेने ज्याच्याकडून पुष्कळ काही हिरावून घेतले, त्याने त्याच सत्तेच्या दारात उभे राहून आपल्या भाषेत, आपल्या छंदात कथा मागितली आणि ती मिळवली. याला पराभव म्हणावे की चिवटपणा, हे एका शब्दात सांगता येत नाही. पण ग्रंथाची खरी ताकद या ताणातच आहे.

ग्रंथाचे पुढचे आयुष्यही हेच सांगते. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये तो पुन्हा छापला गेला. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत ज्ञात नाही. १६८४ मध्ये तर व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदीचा हुकूम काढला. तरी पुराण टिकले, ते कानडा किनाऱ्यावर स्थलांतरित झालेल्या गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबांच्या हस्तलिखितांत. त्यांच्या आधाराने जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला आवृत्ती काढली. लंडनमधल्या मार्सडेन संग्रहातल्या देवनागरी हस्तलिखिताकडे जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२० च्या दशकात लक्ष वेधले. पुण्यातून शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये आली. अधिकृत छापखान्याच्या प्रती नाहीशा झाल्या आणि ऐकणाऱ्यांनी हाताने उतरवलेल्या प्रती उरल्या. हस्तलिखितांतले पाठभेद संपादकांना डोकेदुखी वाटतात. माझ्या मते ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचनाच्या खुणा आहेत आणि त्यांचा अभ्यास शुद्ध संहितेच्या शोधाइतकाच महत्त्वाचा आहे.

वाङ्मयेतिहासाच्या पुढच्या आवृत्तीत त्या प्रसिद्ध ओव्या अवश्य ठेवाव्यात. त्यांच्याच पुढे ब्राह्मणाचा प्रश्नही छापावा आणि तळटीपेत रायतूरच्या इगर्जीतल्या त्या कबरीचा उल्लेख करावा. विद्यार्थ्याला मराठीचा अभिमान वाटायला त्याने काही अडचण येणार नाही. आपली भाषा किती कठीण काळातून कोणाच्या आग्रहामुळे पुढे आली, हेही त्याला कळेल.