परतीच्या सामन्याचा संघ

आर्सेनलच्या महिला संघाने २०२४–२५च्या मोसमात युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली. बातमी एवढीच. पण मोसम नीट वाचायचा तर ऑक्टोबरपासून सुरुवात करावी लागते. ९ ऑक्टोबरला म्युनिकमध्ये बायर्नने या संघाला ५–२ असे धुतले. तीन दिवसांनी घरच्या एमिरेट्स स्टेडियमवर चेल्सीने २–१ने हरवले. १५ तारखेला प्रशिक्षक योनास आयडेव्हाल राजीनामा देऊन मोकळे झाले आणि त्यांच्या सहायक रेने स्लेगर्स यांच्याकडे संघ तात्पुरता सोपवला गेला. जानेवारीत त्या कायम झाल्या. २४ मे रोजी लिस्बनमध्ये याच संघाने बार्सिलोनाला १–० असे नमवले.

खचलेला संघ नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली उभा राहिला, असे याचे कथानक सांगता येते. ते खोटे नाही, पण त्यात मोसमाची खरी चव उतरत नाही. ती सापडते युरोपातल्या निकालांच्या जोड्यांमध्ये. पात्रता फेरीत स्वीडनच्या हॅकेनकडे ०–१ हार, घरी ४–०. गटसाखळीत बायर्नकडे २–५, घरी ३–२. उपांत्यपूर्व फेरीत माद्रिदमध्ये ०–२, घरी ३–०. उपांत्य फेरीत तर घरीच ल्योनकडून १–२, आणि मग फ्रान्सला जाऊन ४–१. चार प्रतिस्पर्धी, चारही वेळा आधी हार आणि मग उत्तर. यातली हॅकेनची जोडी आयडेव्हाल यांच्या काळातली आहे, हे विसरू नये. म्हणजे ही खोड प्रशिक्षकाने लावलेली नव्हती, ती संघाच्या अंगातच होती.

रेआल माद्रिदची जोडी मला या मोसमातली सर्वांत वाचनीय वाटते. पहिला सामना आल्फ्रेदो दी स्तेफानो मैदानावर, पावसाने चिखल झालेल्या गवतावर. चेंडू जमिनीवरून खेळवणाऱ्या संघाला तिथे दोन पासही धड जोडता येईनात. आठवड्याने एमिरेट्सवर मैदान कोरडे, प्रेक्षक आपले, तरी मध्यंतराला फलक ०–० होता. दोन गोलांचे देणे डोक्यावर आणि हातात उरलेली ४५ मिनिटे. मग ४६व्या मिनिटाला अलेसिया रूसो, ४९व्या मिनिटाला मारियोना काल्देन्तेय, ५९व्या मिनिटाला पुन्हा रूसो. आठवडाभराचे ओझे तेरा मिनिटांत उतरले. हे तीन गोल सलग पाहिले की पूर्वार्धाकडेही वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते. गोल येत नसतानाही खेळाची घडी मोडली नाही, हीच पुढच्या तेरा मिनिटांची तयारी होती.

मधल्या फळीतल्या किम लिटल आणि काल्देन्तेय या दोघी पायाखाली चेंडू ठेवून विचार करणाऱ्या. हे त्यांचे वैभव, आणि मला वाटते हीच या संघाची अडचणही. वेळ मुबलक असला की असे खेळाडू आणखी एक पास शोधत राहतात. देणे फेडायचे असले की तोच पास पुढे जातो. ल्योनमध्ये हे लख्ख दिसले. पाचव्या मिनिटाला गोलरक्षक क्रिस्तियाने एन्डलरचा स्वयंगोल, मध्यंतराच्या तोंडावर काल्देन्तेयचा दुरून वळवलेला अप्रतिम फटका, विश्रांतीनंतर लगेच रूसो, मग केटलिन फोर्ड. युरोपची आठ विजेतेपदे मिळवलेल्या क्लबच्या अंगणात हे घडत होते!

माझ्या या वाचनाला खोडा घालणारी साक्ष मात्र इंग्लंडच्या लीगमध्ये आहे. तिथेही प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोनदा गाठ पडते. पण चेल्सीकडून ऑक्टोबरमध्ये हरलेला हा संघ जानेवारीतल्या दुसऱ्या सामन्यातही ०–१ हरला. ल्योनच्या पराक्रमानंतर तीनच दिवसांनी अ‍ॅस्टन व्हिलाने ५–२ असे झोडपले, आणि त्यानंतर ब्रायटनने ४–२. लीगमध्ये दोन सामन्यांची बेरीज होत नाही, त्यामुळे मागचे देणे पुढच्या सामन्यात अंगावर येत नाही. त्या चटक्याशिवाय हा संघ कधी चमकतो, कधी सुस्तावतो. चेल्सीचे ६० गुण, आर्सेनलचे ४८. एवढे अंतर नशिबाच्या नावावर खपवता येणार नाही.

आणि अंतिम फेरीला तर परतीचा सामनाच नसतो. समोर बार्सिलोना, लागोपाठ पाचव्यांदा अंतिम फेरीत आलेला, आधीची दोन्ही वर्षे जिंकलेला. काल्देन्तेय त्याच क्लबात दहा वर्षे खेळून आदल्या उन्हाळ्यात आर्सेनलमध्ये आली होती. या संघाचा सगळा स्वभाव दुसऱ्या संधीवर पोसलेला, त्याने एकाच संध्याकाळी काय करावे?

पूर्वार्धात आर्सेनलने बार्सिलोनाला त्यांच्याच हद्दीत गाठून दाबायचे धाडस केले. चेंडू एकदा जाळ्यातही गेला, पण ऑफसाइडमुळे तो गोल रद्द झाला. विश्रांतीनंतर क्लाउदिया पीनाचा फटका क्रॉसबारवर आदळला, तेव्हा सामना हातून निसटतोय असेच वाटले. ६७व्या मिनिटाला स्लेगर्स यांनी बेथ मीड आणि स्टिना ब्लॅकस्टेनियस यांना एकत्र उतरवले. माझ्या मते या मोसमातला सर्वांत सुंदर क्षण हा आहे, गोल त्याच्या खालोखाल. कारण या बदलाने एका सामन्याचे दोन झाले. पहिला बरोबरीत सुटला होता, दुसरा ताज्या पायांनी सुरू झाला. ब्लॅकस्टेनियसची पहिली मोठी संधी बार्सिलोनाची गोलरक्षक काता कोलने अडवली. ७४व्या मिनिटाला मीडने बचावाच्या फटीतून हलकेच चेंडू सरकवला, आणि या वेळी ब्लॅकस्टेनियसने चूक केली नाही. आधी नकार, मग उत्तर. सगळा मोसम त्या सात मिनिटांत पुन्हा खेळला गेला.

आर्सेनलने याआधी २००७ साली हा किताब जिंकला होता, तेव्हा अंतिम फेरी दोन सामन्यांची असे. त्या वेळी घडण उलटी होती. स्वीडनमध्ये उमेओविरुद्ध अ‍ॅलेक्स स्कॉटच्या अखेरच्या क्षणांतल्या गोलाने १–०, आणि मग घरी ०–० धरून ठेवणे. आघाडी राखणारा तो संघ मला आदरणीय वाटतो. पण पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो तो २०२५चाच.

काहींना चेल्सीचा मोसम अधिक श्रेष्ठ वाटेल. लीगच्या २२ सामन्यांत एकही हार नाही, देशातले तिन्ही करंडक त्यांचे. तसा तो आहेही. बार्सिलोनाने मात्र उपांत्य फेरीत त्यांना आपल्या घरी ४–१ हरवले. परतीचा सामना चेल्सीलाही मिळाला होता, स्टॅमफर्ड ब्रिजवर, २७ एप्रिलला, आर्सेनल ल्योनमध्ये खेळत होते त्याच दिवशी. तोही त्या १–४ असाच हरल्या.